पाळकांच्या अधीन राहायचं म्हणजे हिशेब विचारायचा नाही का?

साधा सभासद (जालना)

सगळ्यांना सलाम.

आमच्या तालुक्यातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला लोकांनी दान आणलेल्या मालाचा लिलाव झाला. नाव मुद्दाम देत नाही. तूर, सोयाबीन, गावरान कोंबड्या, दोन बोकडं, एका आजीनं आणलेली लोणच्याची बरणी. बोली चांगली चढली. पुढच्या महिन्यात एका पोरानं उपासना संपल्यावर विचारलं, लिलावाचे किती जमले आणि कुठं लागले? त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही. उत्तर आलं पुढच्या रविवारी, थेट पाळकांच्या (पास्टरांच्या) संदेशातून, म्हणजे प्रवचनातून: बायबलमधल्या इब्री पत्राचं १३:१७. जे तुमच्यावर नेमलेत त्यांचं ऐका, त्यांच्या अधीन राहा. पोरगं आता दोन गल्ल्या पलीकडच्या फेलोशिपला, म्हणजे दुसऱ्या प्रार्थनागटाला जातंय.

माझं म्हणणं एवढंच की तेच वचन पुढं वाचा. पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे म्हणून ते तुमच्या जिवांची राखण करतात, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे ज्या वचनानं पोराला गप्प केलं, त्या वचनात हिशेब पाळकाकडं मागितलाय.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय घ्या. तो आधी वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना दटावतो: पैशाच्या लोभानं पाळकी करू नका, कळपावर धनीपणा गाजवू नका. मग पाचव्या वचनात तरुणांना म्हणतो, वडिलांच्या अधीन राहा. आमच्याकडं पाचवं वचन तोंडपाठ आहे, आधीची चार कुणी वाचून दाखवत नाही. मार्क १० मध्येही तेच. याकोब आणि योहान उजवी-डावी खुर्ची मागायला आले तेव्हा प्रभू म्हणाला, परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं.

आता मराठवाड्यात हे वचन कुणाच्या कानावर पडतं ते बघा. आमच्या मंडळीतले कितीतरी लोक दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं निघतात. उचल घेतलेली असते. मुकादमापुढं वर तोंड करून बोलायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून शिकवावं लागत नाही. त्यांना ‘अधीन राहा’ म्हटलं की डोळ्यापुढं मुकादमच येतो. आणि काही पाळकांना ते सोयीचं पडतं, हे मी स्पष्टच लिहितो.

जो हिशेब देत नाही त्याला आज्ञापालन मागायचा अधिकार नाही. पटत नसेल तर शास्त्रातून खोडा.

पाळकाचा पोरगा (अंबड)

सभासद काका, वचन अर्धं वाचल्याचा आरोप करून तुम्हीही अर्धंच वाचलंत. त्याच इब्री १३:१७ चा शेवट काय आहे? त्यांना ते काम आनंदानं करता यावं, कण्हत नव्हे. कण्हत केलं तर तुमचाच तोटा. हे कुणाला सांगितलंय? मंडळीला.

मी पाळकांच्या घरात वाढलो. तुम्हाला मुकादम दिसतो, मला माझे वडील दिसतात. पार्सनेज (पाळकांचं राहायचं घर) पावसात गळायचं, पत्रे बदलायचे की नाही ते कमिटी ठरवायची. कमिटीत दोन भावक्या. एकीनं हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार. वडिलांनी एका घरी जास्त वेळ प्रार्थना केली तरी दुसऱ्या दिवशी तक्रार. पेटीची किल्ली खजिनदाराकडं, वहीसुद्धा त्याच्याकडंच, आणि लोक हिशेब विचारणार पाळकाला! तीन-चार वर्षं झाली की बदलीचं पत्र. नव्या गावात नवी भावकी.

पुढाऱ्यानं सेवक व्हावं, याला आजकाल ‘सेवक नेतृत्व’ म्हणतात. ते आमच्या घरानं भोगलंय. लोक वडिलांना सेवकच समजायचे, घरगडी या अर्थानं. आईला तर पगारही नव्हता. महिला संघ, संडे स्कूल आणि दर पाहुण्याचा चहा तिच्याच अंगावर.

लिलावाचा हिशेब द्यायला हवा होता, त्यावर वाद नाही. पण मराठवाड्यात पाळक म्हणजे हुकूमशहा, हे चित्र शंभरातल्या दहा मंडळ्यांचं असेल. बाकीच्या ठिकाणी पाळक दबलेला आहे.

मोंढा नाका

शंभरातल्या दहा कुणी मोजल्या? 😀

पाळकाचा पोरगा (अंबड)

मोजल्या नाहीत. बोलायची पद्धत आहे. तुम्ही मोंढ्यावर भाव सांगता तसंच.

गोदाकाठ (गेवराई)

प्रभूच्या नावात सलाम. मी स्वतंत्र फेलोशिप चालवतो. पगार नाही, कमिटी नाही. पाच गावं आहेत, पेट्रोल माझं. रात्री दोनला फोन येतो, पोरगं तापलंय, साप चावलाय, दारू पिऊन नवरा मारायलाय. तेव्हा कुणी हिशेब विचारत नाही.

आजकाल ज्याला बघावं तो प्रश्न विचारायलाय. प्रश्न कोरहानंही विचारला होता. गणना १६. सगळी मंडळी पवित्र आहे, मग मोशे आणि अहरोनच वर कामून, असं म्हणाला. जमिनीनं तोंड उघडलं आणि गिळलं. दाविदाला त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत सापडला होता, तरी त्यानं हात लावला नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त. स्तोत्र १०५ सांगतं, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. पाळक चुकला तर देव बघून घेईल. आपण त्याच्या आच्छादनाखाली राहावं, त्यातच आपलं रक्षण आहे.

महिला संघ (बीड)

गोदाकाठ भाऊ, तुमच्या रात्रीच्या फोनांबद्दल मनापासून आदर आहे. आमच्या वस्तीवर आधी पोचतो तो तुमच्यासारखाच माणूस, बिशप नाही.

पण स्तोत्र १०५ उघडून बाराव्या वचनापासून वाचा ना. तिथं अभिषिक्त कोण आहेत? अब्राहाम, इसहाक, याकोब. मोजके, उपरे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे. आणि हात लावू नका हे कुणाला सांगितलंय? राजांना. म्हणजे बिनजमिनीच्या, बिनगावाच्या माणसांना सत्तेपासून वाचवायला देवानं जे वचन दिलं, ते आज स्टेजवरचा माणूस खाली सतरंजीवर बसलेल्या ऊसतोड बाईला ऐकवतोय.

दाविदाचंही तसंच. त्यानं शौलाला मारलं नाही हे खरं. पण तो शौलाच्या वाड्यात परत जाऊन त्याच्या भाल्यापुढं उभाही राहिला नाही. गुहेच्या बाहेर येऊन लांबून मोठ्यानं विचारलं, माझा गुन्हा काय ते सांगा. सगळ्यांच्या देखत.

शिवाय ‘अधीन राहा’ हे पुरुषांना वर्षातून एकदा ऐकावं लागतं. आम्हाला दर लग्नात, दर महिला मेळाव्यात आणि नवऱ्यानं मारल्यावर समजूत काढायला आलेल्या मंडळीच्या वडिलांकडून. इफिस ५ मधलं बाविसावं वचन सगळ्यांना येतं. एकविसावं, एकमेकांच्या अधीन राहा हे, किती जणांना येतं?

नांदेडकर

गोदाकाठ यांनी ‘आच्छादन’ म्हटलं म्हणून लिहितो. ही शिकवण आपल्या गोदावरीच्या पाण्यातली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथं पाच उपदेशकांनी ती जोरात चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक मेंढपाळ हवा आणि त्याला विचारल्याशिवाय मोठा निर्णय नको, असा तिचा सूर. नोकरी, लग्न, घर कुठं घ्यायचं, इथपर्यंत मेंढपाळांचा हात पोचला. घरं मोडली. त्या पाचांतले बॉब ममफोर्ड यांनी पुढं जाहीर माफी मागितली. माफीची बातमी आपल्याकडं पोचली नाही, शिकवणीच्या कॅसेट मात्र पोचल्या.

गोदाकाठ (गेवराई)

कॅसेट ऐकून नाही शिकलो. वचनातून शिकलो. आणि मी कुणाची लग्नं ठरवत नाही.

मोंढा नाका

‘सेवक नेतृत्व’ हा शब्दही काही उपासनेतून आलेला नाही बरं का. रॉबर्ट ग्रीनलीफ हा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. त्यानं १९७० मध्ये तो शब्द चालवला. आता आमच्या बँकेच्या ट्रेनिंगलाही तोच पीपीटी असतो आणि पाळकांच्या शिबिरालाही. पाय धुतल्याचा फोटो शेवटच्या स्लाइडवर. फोटो काढून झाला की साहेब पुन्हा साहेब.

कॅन्टोन्मेंट (छत्रपती संभाजीनगर)

मी कॅथलिक, त्यामुळं थोडा बाहेरून बोलतोय. आमच्याकडं पाळक निवडायचा प्रश्नच नाही. बिशप फादर पाठवतात, फादर येतात. फादरांनी बिशपांच्या आज्ञेत राहायचं वचन दीक्षेच्या वेळीच दिलेलं असतं. तुम्हाला वाटेल, इथं तर अधीनताच अधीनता. पण १९८३ च्या आमच्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असलीच पाहिजे, आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे, असंही कलम आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी नोटीस बोर्डावर लागतो हा वेगळा विषय. मी काही वर्षं त्या समितीत होतो. फादर विचारायचे, आम्ही मान डोलवायचो. दोष फादरांचा तेवढाच आमचा.

अनुभवावरून सांगतो, वरून नेमलेला माणूस असला की भावकीचं राजकारण कमी होतं. पाळकाच्या पोराचं दुखणं आमच्याकडं नाही. आमचं दुखणं उलटं आहे: फादर वाईट निघाले तर बदली होईपर्यंत वाट बघायची.

बेथेलकर

जालन्याची माणसं इथं आहेत म्हणून आठवण करून देतो. नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातला माणूस, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याला आला. निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल गाव वसवलं. ज्यांना गावात विहिरीवर जाता येत नव्हतं अशा मांग-महार कुटुंबांना हक्काची जागा मिळाली. हे सगळं कमिटीच्या ठरावानं झालं असतं काय? एक खमका माणूस होता, लोक त्याच्या मागं गेले. खमक्या माणसाच्या मागं जाण्यात कमीपणा कसला?

साधा सभासद (जालना)

शेषाद्रींबद्दल दुमत नाही. पण त्याच मिशन काळानं आपल्याला ‘मायबाप’ म्हणायची सवय लावली. मिशनरी साहेबानं जागा दिली, शाळा दिली, दवाखान्यात नोकरी दिली. साहेब गेले आणि खुर्ची राहिली. त्या खुर्चीत जो बसला तो मायबाप.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत जागा नाही. शिखांना १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्याला नाही. मग आपल्या पोरांना नोकरी कुठं? मिशनच्या शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात. शिफारस कुणाची लागते? पाळकांची नाहीतर कमिटीची. अशा ठिकाणी ‘हिशेब दाखवा’ म्हणायला घरचं जेवण पणाला लावावं लागतं. अधीनता कसली, ही पोटाची भीती आहे.

पाळकाचा पोरगा (अंबड)

हे मात्र खरं. आणि म्हणूनच कमिटीच्या निवडणुकीला लोक ग्रामपंचायतीसारखे पेटतात.

काळा कोट (परभणी)

वकिली करतो, तेवढंच बोलतो. ट्रस्ट म्हणून नोंद असलेल्या मंडळीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू आहे. हिशेब ठेवणं, ऑडिट करून घेणं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट देणं, यातलं काहीच ऐच्छिक नाही. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर कागद मागता येतात. पाळकांची परवानगी लागत नाही.

गोदाकाठ (गेवराई)

वकील साहेब, १ करिंथ ६. भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो, तेही अविश्वासणाऱ्यांपुढं, हे प्रेषित पौलाला लाजिरवाणं वाटलं. अन्याय सोसा म्हणाला. तुम्ही लोकांना धर्मादाय कार्यालयाचा रस्ता दाखवायलात.

काळा कोट (परभणी)

त्याच पौलानं रोमी सुभेदार फेस्तापुढं कैसराकडं, म्हणजे रोमी सम्राटाकडं दाद मागितली, कृत्ये २५. आणि भावाभावाचं भांडण वेगळं, लोकांचा पैसा वेगळा. पैशाच्या बाबतीत पौल किती जपून होता ते २ करिंथ ८ मध्ये बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली, तर तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला, कुणी बोट दाखवू नये म्हणून. प्रेषित होता, ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणून एकटा गेला असता तरी चाललं असतं.

महिला संघ (बीड)

आणि गोदाकाठ भाऊ, तुमचा कोरह. त्याच अध्यायात मोशे काय म्हणतो? मी यांचं एक गाढवही घेतलेलं नाही. आरोप झाल्याबरोबर मोशेनंही हिशेबच सांगितला की.

गोदाकाठ (गेवराई)

ताई, पंधरावं वचन परत वाचा. मोशे ते परमेश्वराला म्हणाला. कोरहाला नाही.

साधा सभासद (जालना)

बरोबर पकडलंत. मग शमुवेल संदेष्टा घ्या, पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय. तो सगळ्या इस्राएलापुढं उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच खाल्ली? सांगा, मी परत करतो. देव साक्षीला आहे, राजा साक्षीला आहे, पण प्रश्न लोकांना विचारलाय. आणि लोकांनी उत्तरही दिलंय. आमच्या पाळक साहेबांनी वार्षिक सभेत एवढंच करावं. लिलावाची वही टेबलावर ठेवावी आणि विचारावं, आजीच्या बरणीचे किती लिहिलेत ते बघा.

पाळकाचा पोरगा (अंबड)

वही खजिनदाराकडं आहे काका, मघाशीच सांगितलं. आणि शमुवेलाचा आठवा अध्यायही वाचा. त्याची पोरं लाच खायची म्हणून वडीलमंडळ एकत्र आलं, आणि मागितलं काय, तर राजा. पाळकाला खाली ओढून कमिटीच्या अध्यक्षाला राजा करायचं असेल तर मी तुमच्या बाजूला नाही. दोघांच्या वह्या टेबलावर येणार असतील तर सभेची तारीख कळवा. अंबडहून येतो, वडिलांनाही आणतो.

मोंढा नाका

तारीख ठरली की इथंच टाका. खजिनदार आजारी पडायच्या आत.