अनुभव धागा: जुनाट दुखणे आणि टेन्स मशीन

आमच्या वर्धा जिल्ह्यात ‘झटका मशीन’ म्हटले की शेताच्या धुऱ्यावरचे, रानडुकरे आणि रोही यांना अडवणारे कुंपणाचे यंत्र डोळ्यांसमोर येते. त्यामुळे आईच्या कंबरदुखीसाठी मी पहिल्यांदा टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवरून विजेचे बारीक स्पंद देऊन दुखणे कमी करणारे यंत्र, घरी आणले, तेव्हा तिने डबीकडे पाहून विचारले, “हे तं डुकराइले लावतेत तेच मशीन होय ना?” तिची समजूत काढण्यात दोन दिवस गेले. चाळीस वर्षे कापसाची ओटी कंबरेला बांधून वाकलेल्या बाईला विजेने दुखणे कमी होते हे सांगायचे, तर आधी ते मला नीट समजायला हवे होते.

मला समजले ते असे. ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो आणि थोडे बरे वाटते, कारण स्पर्शाची वार्ता नेणारे जाड चेतातंतू मज्जारज्जूत वेदनेच्या वार्तेला आडवे येतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत याच धर्तीचा आहे. टेन्स मशीन हे चोळण्याचे काम त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून, विजेच्या बारीक स्पंदांनी करते. ते दुखण्याचे कारण दूर करत नाही. दुखण्याची वार्ता काही काळ अडवते. हा ‘काही काळ’ प्रत्येकाच्या वाट्याला किती येतो आणि त्या वेळाचे माणसे काय करतात, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे. कोणत्या दुखण्याला लावले, पट्ट्या कुठे चिकटवल्या, आराम किती टिकला आणि मशीन आज वापरात आहे की दिवाणात पडले आहे, हे कृपया मोकळेपणाने लिहावे.

निवृत्त शिक्षिका, दर्यापूर तालुका:

माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. अमरावतीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मशीन घेण्याआधी आठ दिवस स्वतःच्या दवाखान्यात लावून पाहिले आणि उपयोग होतो असे दिसल्यावरच विकत घ्यायला सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला पट्ट्या लावून, सेकंदाला ८० ते १०० स्पंदांच्या वेगावर, मुंग्या जोरात जाणवतील पण टोचणार नाहीत इतका करंट ठेवून मी अर्धा तास बसते. मशीन चालू असते तोवर आराम असतो आणि बंद केल्यावर साधारण तासभर टिकतो. पहिल्या महिन्यात मी हा तास टीव्हीपुढे बसून घालवला, हे कबूल करायला हवे. ताईंनी रागावून सांगितल्यावर त्याच तासात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले, आणि चार महिन्यांनी शाळेच्या पायऱ्या कठडा न धरता चढले. श्रेय मशीनचे की व्यायामाचे, हा वाद माझ्या घरी अजून चालू आहे. पण त्या तासाभराच्या आरामाशिवाय मी व्यायाम केला नसता, एवढे निश्चित. आणखी एक अनुभव असा की दीड महिना रोज दोनदा लावल्यावर परिणाम बोथट झाला. मग एक दिवसाआड लावणे आणि स्पंदांचा वेग बदलत राहणे यांचा उपयोग झाला.

धान उत्पादक शेतकरी, साकोली तालुका, भंडारा जिल्हा:

माझा अनुभव चुकीचा वापर केल्याचा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नव्हते आणि मणक्यातील गादी सरकल्याने माझी कंबर आधीच धरलेली होती. मशीन बॅटरीवर चालते आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवता येते, हे लक्षात आल्यावर मी ते कमरेला लावूनच बांधीत (भातखाचरात) उतरलो. त्या सकाळी परहे (भाताची रोपे) वाहून नेताना दुखणे जवळजवळ जाणवले नाही आणि मी चार तास वाकून काम केले. दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठता येईना. पुढचे अकरा दिवस रोवणी इतरांनी केली आणि मी आढ्याकडे पाहत पडून राहिलो. दुखणे ही शरीराने मारलेली हाक असते, आणि मी हाक ऐकू येऊ नये म्हणून कानात बोळे घातले होते. पाण्यात उभे राहून विजेचे यंत्र अंगावर ठेवणे हा वेगळाच मूर्खपणा. आता मी ते काम संपल्यावर, आंघोळ करून, अंग कोरडे झाल्यावरच लावतो, कारण घामट त्वचेवर पट्ट्या सुटतात आणि कडा उचलली गेली की तिथे सुई टोचल्यासारखे होते. रात्री मला सेकंदाला दोन ते चार ठोक्यांचा संथ प्रकार मानवतो. त्यात स्नायू उडताना दिसतात, आणि आराम उशिरा येतो पण जास्त वेळ टिकतो. मात्र लावून झोपत नाही. तसे करू नये असे माहितीपत्रकातच लिहिलेले आहे.

गृहिणी, वरूड तालुका:

संत्र्याच्या तोडीनंतर गावात एक शिबिर भरले होते. तिथे माझ्या सासऱ्यांना खांदेदुखीसाठी असेच यंत्र १८,००० रुपयांना देऊ केले गेले आणि पैसे जवळजवळ दिलेच होते. मामंजींच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, हे विक्रेत्याने विचारले नाही आणि त्यांनीही संकोचाने सांगितले नाही. मी डबीवरची सूचना वाचली म्हणून व्यवहार थांबला. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी नंतर स्पष्ट सांगितले की पेसमेकर असलेल्या माणसाने त्यांना विचारल्याशिवाय असे यंत्र अंगाला लावायचे नाही, कारण त्याच्या स्पंदांमुळे पेसमेकरची गफलत होऊ शकते. तसले साधे यंत्र दुकानात दोन हजारांच्या आत मिळते, हे कळल्यावर तर मामंजींना दुहेरी धक्का बसला.

किराणा दुकानदार, मेहकर तालुका:

मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळपायांची आग होते. बधिर झालेल्या जागी पट्टी लावली, करंट जाणवेना म्हणून वाढवत गेलो, आणि त्वचा भाजून फोड आला. तो भरायला महिना लागला. जिथे स्पर्श कळत नाही तिथे हे यंत्र लावू नये.

फिजिओथेरपिस्ट, यवतमाळ जिल्हा:

दुकानदार काकांनी लिहिले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. त्यात माझी भर अशी की गळ्याच्या पुढच्या भागावर, डोळ्यांवर, छातीवर आडवे, जखमेवर, कर्करोगाच्या गाठीच्या जागी आणि गरोदरपणात पोटावर पट्ट्या लावू नयेत. अपस्मार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आता थोडे अप्रिय. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असेच म्हटले आहे. उलट ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात मशीन चालू असताना किंवा लगेच नंतर वेदनेची तीव्रता लटक्या (नुसत्या दिखाऊ) उपचारापेक्षा कमी होते असे आढळले. मला या दोहोंत फारसा विरोध दिसत नाही. तासाभराचा आराम खरा आहे. तो महिन्यांनी मोजायला गेलो की हाती फारसे लागत नाही. म्हणून मी कोणालाही नुसते मशीन देत नाही, व्यायामासोबतच देते. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा दुखण्यासोबत ताप आणि वजनात घट असली, तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गडचिरोली जिल्हा:

माझ्या भावाला सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. वेदनेचा झटका आला तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने मशीन आणून दिले आणि आमचे तीन तास त्यातच गेले. रुग्णालयातील परिचारिका म्हणाल्या की त्या वेळी पाणी, औषध आणि गरज पडल्यास ऑक्सिजन हवा असतो. हे तीन तास वाया घालवायचे नव्हते.

निवृत्त एसटी वाहक, अचलपूर तालुका:

माझे दिवाणात पडले आहे. मला नुसत्या मुंग्या आल्या, दुखणे तिथेच राहिले. गरम पाण्याची पिशवी बरी, आणि तिला बॅटरीही लागत नाही.

धागाकर्ता:

वाहक काकांसारखा अनुभव अनेकांचा असणार, आणि तोही इथे यायलाच हवा. पट्ट्यांबद्दल मला दोघांनी विचारले आहे. पट्ट्यांचा चिकटपणा आमच्याकडे वीस-पंचवीस वेळांनंतर जातो. कडेवर पाण्याचा एकच थेंब बोटाने फिरवला की आणखी काही दिवस निघतात. तेल लावलेल्या अंगावर त्या बसत नाहीत, त्यामुळे आईची संध्याकाळची तेलाची मालिश आता मशीननंतर होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर मूळ प्लॅस्टिकवर न चिकटवता ठेवलेल्या दोन पट्ट्या पापडासारख्या वाळल्या. तेव्हापासून सगळ्या पट्ट्या माठाच्या तिवईखाली, स्टीलच्या डब्यात असतात.

आई सध्या वेचणीहून आल्यावर पंचवीस मिनिटे मशीन लावते. त्यानंतरच्या आरामात तिने व्यायाम करावा म्हणून मी पुष्कळ सांगून पाहिले, पण ती त्या वेळात भाकरी थापते, कारण चुलीपुढे बसणे तिला सर्वांत जड जाते. करंट वाढवण्याची चकती मात्र ती कोणाला हात लावू देत नाही.