रश्श्याची चव: सगळं खापर आठवणीवर नको

मसाला तोच, प्रमाण तेच, तरी आजीच्या रश्श्याची चव येत नाही, कारण आठवणच ती चव वाढवून सांगते, असं काही जण म्हणतात. थोडंफार खरं असेलही, पण निम्मा फरक भाजण्यात असतो.

आमच्या खानदेशात कांदे सालासकट चुलीच्या निखाऱ्यात खुपसायचे आणि सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी विस्तवावर धरायचे. वाटी भुरकन पेटायची, आई फुंकर मारून विझवायची, आणि तो तेलकट धूर पार ओसरीपर्यंत यायचा. कढईत परतलेल्या कांद्याला हा वास कुठून येणार? गॅसवर जाळी ठेवून कांदा बाहेरून काळा ठिक्कर होऊ द्या, साल काढा, मग वाटा. पाटा-वरवंटा नसला तरी बिघडत नाही. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, पाणी बेताचं. मसाल्याला तेल सुटलं की उकळतं पाणीच ओता, नाहीतर तर्री विसरा.

(परंपरेवरून भांडणाऱ्यांसाठी: मिरची आपल्याकडे १६व्या शतकात पोर्तुगीजांमुळे आली. त्याआधी तिखटपणा मिरी-पिंपळीचा.)

बांगड्याच्या तिखल्याचं, म्हणजे कोकणातल्या माशाच्या तिखट कालवणाचं, गणित वेगळं, तिथे सगळा जीव तिरफळात, म्हणजे तिथल्या उग्र वासाच्या मसाल्याच्या फळांत. ती वाटायची नाहीत, नुसती ठेचून घालायची. आतली बी आधी काढा, दाताखाली कचकचते. माझ्या मालवणी जावेला त्या वासाने अजून माहेरचा पाऊस आठवतो. मला बामाची बाटली उघडल्यासारखं वाटतं, पण हे तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.