तोलेदोला एक दिवस: काय पाहावे, काय वगळावे?

सप्रेम नमस्कार,

आम्ही चौघी मैत्रिणी दिवाळीनंतर माद्रिदला जाणार असून त्यातला सोमवार जवळच्या तोलेदो या स्पेनमधल्या जुन्या गावासाठी राखून ठेवला आहे. वेळ अपुरा पडल्यास काय वगळावे, हे जाऊन आलेल्या सभासदांनी कृपया कळवावे. आमच्यापैकी एकीला गुडघेदुखीचा त्रास आहे.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मित्रमंडळी मार्चमध्ये तोलेदोला जाऊन आलो. माद्रिदच्या अतोचा स्थानकातून वेगवान गाडीने साधारण अर्धा तास लागतो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावर गाव वसले असल्याने गल्ल्या चढणीच्या आणि दगडगोट्यांच्या आहेत. तेव्हा स्थानकावरून वर जाण्यासाठी बस किंवा टॅक्सीच घ्यावी.

वगळायचीच असतील तर तलवारींची दुकाने वगळा. कॅथेड्रल आणि सांतो तोमे चर्चमधले एल ग्रेकोचे भव्य चित्र तुम्ही पाहालच, पण माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. या गावचा काझी साइद अल-अंदलुसी याने १०६८ मध्ये विद्येची उपासना करणाऱ्या लोकांचा इतिहास लिहिला. त्यात पहिला मान भारतीयांना दिला आणि आपल्या अंकगणिताची सुटसुटीत रीत वाखाणली. १०८५ मध्ये गाव मुस्लिम सत्तेकडून ख्रिस्ती राजा सहाव्या अल्फोन्सोच्या ताब्यात गेले, तरी अरबी ग्रंथ इथेच राहिले आणि बाराव्या शतकात क्रेमोनाच्या गेरार्डसारखे विद्वान त्यांच्या ओढीने येऊन टॉलेमीचे खगोलशास्त्र आणि अल-ख्वारिझ्मीचे बीजगणित लॅटिनमध्ये नेऊ लागले. आपले गणित बगदादमार्गे युरोपात गेले, त्या वाटेवरचा हा एक मोठा मुक्काम आहे, हे मनात ठेवून त्या गल्ल्यांतून फिरताना मला फार भरून आले.

दुपारी सांता मारिया ला ब्लांकामध्ये निवांत बसा. पांढरे खांब आणि नालेच्या आकाराच्या कमानी असलेले हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ पुढे चर्च झाले, आणि १४९२ मध्ये तर ज्यूंना स्पेनच सोडावा लागला. जवळच्या एल त्रान्सितो प्रार्थनास्थळात त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, पण ते सोमवारी बंद असते.

---

दादा, मनःपूर्वक आभार. तिकिटे काढायची राहिली होती, हे बरेच झाले. आता आम्ही बुधवारी जात आहोत. काझींच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मिळत असल्यास कृपया कळवावे, निघण्यापूर्वी वाचण्याची इच्छा आहे.