मदत हवी आहे: बी कावीळ, दादा नव्या औषधाच्या चाचणीत जायचं म्हणतो

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, वणीकडचे. घरचं पाच एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे, वय ४१.

तीन वर्षांपूर्वी गावात रक्तदान केलं, तेव्हा रक्तपेढीतून फोन आला. हिपॅटायटिस बी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी पॉझिटिव्हच. तेव्हापासून टेनोफोविरची रोज एक गोळी चालू आहे, सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आता सापडत नाही. वहिनी अन् पोरं निगेटिव्ह, त्यांच्या लसीही झाल्या.

पण दादा कंटाळलाय. "जन्मभर गोळी खायची, म्हणजे बरा कुठं झालो?" हे त्याचं म्हणणं खोटं नाही. गोळी विषाणूची वाढ रोखते, पण यकृताच्या पेशीत त्याचा जो मूळ साठा दडून बसतो तो तिनं जात नाही. आता ओळखीच्या एकानं सांगितलं की मोठ्या शहरात नव्या इंजेक्शनची चाचणी आहे, पहिला टप्पा. दादानं ऐकलं ते एवढंच: 'बरं करणारं इंजेक्शन'.

मी थोडं वाचलं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सोसतं का, डोस किती द्यायचा, हे बघतात. बरं करण्याचं वचन त्यात नसतं, अन् काही जणांना नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शनही मिळू शकतं. बेपिरोव्हिरसेन हे याच आजारावरचं, चाचण्यांत कितीतरी पुढं गेलेलं औषध, त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे आकडे २०२२ मध्ये आले. २४ आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन घेऊनही शंभरातल्या नऊ-दहा जणांच्याच रक्तात इंजेक्शन थांबल्यावर सहा महिने विषाणू अन् त्याच्या आवरणाचं प्रथिन सापडलं नाही. मला ते आशेचंच वाटतं, पण दादाच्या मनातला आकडा शंभर आहे.

चाचणीत जाऊन आलेल्यांनी किंवा डॉक्टर मंडळींनी सांगावं: आधीची गोळी चालू ठेवतात का? मला खरी भीती हीच आहे, कारण गोळी मध्येच सोडली तर विषाणू उसळून यकृताला सूज येऊ शकते. तसं रात्री-बेरात्री झालं तर आमच्यासाठी नागपूर म्हणजे अर्ध्या दिवसाचा रस्ता. संमतीपत्र मराठीत मागता येतं ना? चाचणीची सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी आम्ही स्वतः कशी तपासायची? अपाय झाला तर उपचाराचा खर्च कोण करतं, हे कुणाकडून लिहून घ्यायचं?

एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात पाकिटात चार गोळ्या जास्त उरल्या. वहिनीनं मोजल्या. दादाला अजून कुणी बोललं नाही. त्याच्याशी कसं बोलू, तेही सांगा.