डॉल्फिनची शेपटी वरखाली का हलते?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

माझी १२ वर्षांची मुलगी सध्या बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार शिकते आहे. "गुडघ्यातून लाथ मारू नकोस, छातीपासून लाट सोड," असे तिचे प्रशिक्षक रोज बजावतात. या लाथेला डॉल्फिन किक म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळले. दापोलीजवळच्या मुरुडला आम्ही होडीतून डॉल्फिन पाहिले होते. पाठ वर यायची, फुस्स असा श्वासाचा आवाज व्हायचा आणि ती पाठ गोल वळून पुन्हा पाण्यात शिरायची. मागे पाणी फारसे उसळतही नसे. धरणावर मासे घ्यायला गेल्यावर घमेल्यात तडफडणाऱ्या रोहूची शेपटी मात्र डावी-उजवीकडे आपटताना दिसते. मग डॉल्फिनची वरखाली का? आणि एवढ्या शांतपणे पोहताना त्याला इतका वेग कसा मिळतो?

उत्तर (निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, नाशिक रोड)

आपल्या प्रश्नाचे उत्तर शेपटीत नसून पाठीत आहे. गोदाघाटावर सकाळी जोरात पळणारे एखादे कुत्रे बाजूने पाहा: त्याची पाठ कमानीसारखी वर उचलली जाते आणि पुन्हा सरळ ताणली जाते. सस्तन प्राण्याचा कणा धावताना असा वरखाली वाकतो. डॉल्फिनचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चालणारे खुरांचे प्राणी होते आणि आज हयात असलेल्या प्राण्यांपैकी पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. पाण्यात उतरलेल्या या वंशाचे मागचे पाय गेले, कमरेच्या हाडाचे लहानसे अवशेष मांसात रुतून राहिले. पण कण्याची ती सवय मात्र टिकली. म्हणून मला डॉल्फिनचे पोहणे हे पाण्यातले धावणेच वाटते.

माशाची तुकडी पाहिलीत तर मधल्या काट्याच्या डाव्या-उजव्या अंगांना मांस दिसते, आणि ही दोन अंगे आळीपाळीने आकसून मासा नागमोडी पुढे सरकतो. डॉल्फिनमध्ये कण्याच्या वरचे जाड स्नायू शेपटी वर ओढतात आणि खालचे ती खाली खेचतात. शेपटीचे दोन आडवे पंख हाडांचे नसतात. मध्ये कण्याचे शेवटचे मणके आणि दोन्ही बाजूंना चिवट तंतूंची जाळी, एवढीच त्यांची घडण. त्यांचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असल्यामुळे शेपटी वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा पाणी मागे लोटले जाते.

उत्तर (जलतरण प्रशिक्षक, पंचवटी)

सरांचे शेवटचे वाक्य मुलीला अवश्य वाचून दाखवा. खालची लाथ सगळेच जोरात मारतात, वर येताना मात्र पाय नुसते सैल सोडून देतात आणि निम्मी किक तिथेच वाया जाते. शिवाय पृष्ठभागाखाली राहून मारलेली ही किक इतकी वेगवान ठरते की, बटरफ्लायच्या शर्यतीत सूर मारल्यावर किंवा वळण घेतल्यावर १५ मीटरच्या आत डोके पाण्याबाहेर काढण्याचे नियमाने बंधन आहे. डॉल्फिनच्या वेगाबद्दल म्हणाल तर, त्याची लवचीक कातडी पाण्याचा विरोध जवळजवळ नाहीसा करते, असे मी वाचले आहे.

उत्तर (यंत्र अभियंता, अंबड)

कातडीची ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. १९३६ मध्ये जेम्स ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, जहाजाशेजारून ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या डॉल्फिनला जेवढी शक्ती लागते, तेवढी त्याच्या स्नायूंत असूच शकत नाही. मग कातडीत काही जादू असावी, असा शोध कित्येक वर्षे चालला. वास्तविक, ग्रे यांच्या हाती असलेली नोंद जेमतेम ७ सेकंदांची होती, आणि स्नायूंची शक्ती मात्र त्यांनी कित्येक मिनिटे दम टिकवणाऱ्या माणसाच्या मापाने मोजली होती. शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉनच्या फूटपट्टीने मोजावे, तसे ते झाले. २०१४ मध्ये अमेरिकेतील फ्रँक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक बुडबुड्यांच्या पडद्यातून डॉल्फिनना पोहायला लावले, शेपटीमागे फिरणारे भोवरे चित्रित केले आणि त्यांवरून शक्ती मोजली. ती पुरेशी भरली. गुळगुळीत कातडी आणि चातीसारखा दोन्ही टोकांना निमुळता देह यांचा उपयोग आहेच, परंतु वेग मिळतो तो निखळ स्नायूंच्या बळावर.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मुलीने आणखी एक शंका विचारली आहे: पाण्याखाली विरोध कमी असतो, तर वेगात असताना डॉल्फिन उड्या का मारतात?

उत्तर (यंत्र अभियंता, अंबड)

श्वासासाठी त्यांना वर यावेच लागते, आणि नेमक्या पृष्ठभागालगत लाटा उठवण्यात सर्वांत जास्त ताकद खर्च होते. वेग कमी असेल तर मुरुडला आपण पाहिलेत तसे नुसती पाठ वर काढून भागते. वेग वाढला की त्या थरातून रेटत जाण्यापेक्षा तो उडीत ओलांडणे स्वस्त पडते, कारण हवेचा विरोध पाण्यापुढे नगण्य असतो, आणि तेवढ्या क्षणात श्वासही घेऊन होतो.