मदत हवी आहे: आई सहा महिने सिएटलला, संकष्टी कुठल्या चंद्रावर सोडायची?

लक्ष्मीनगरकर
नमस्कार मंडळी. आई (वय ७२) मेच्या शेवटच्या आठवड्यात ताईकडे सिएटलला चालली, नोव्हेंबरअखेर परत येईल. व्हिसा, विमा, बॅगा सगळं झालं. गाडी अडली ती उपासावर.

आई संकष्टी आणि एकादशी दोन्ही करते, वर्षानुवर्षं. ताई म्हणते, "कॅलेंडरात जी तारीख तीच धर. नागपुरात चंद्र उगवला की भाऊ व्हिडिओ कॉलवर दाखवेल, मग तू जेव." ऐकायला छान आहे, पण हिशेब करून बघा. मेमध्ये सिएटल आपल्या साडेबारा तास मागे असतं. इथे रात्री दहाला चंद्र दिसला तर तिथे सकाळचे साडेनऊ. म्हणजे पोह्यांच्या वेळेला उपास सुटणार! मग तो धरला कधी, आदल्या रात्री झोपेत? आई म्हणाली, असला फुकटचा उपास मला नको.

तिथला चंद्र धरावा तर दुसरीच पंचाईत. जूनअखेर तिथे सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो. चतुर्थीचा चंद्र यायला अकरा वाजून जातात. आईला शुगरची गोळी आहे, थायरॉईडचीही आहे. तोवर उपाशी ठेवायची हिंमत माझी होत नाही.

त्यात प्रवासाचा दिवस. दोहामार्गे विमान आहे, मंगळवारी पहाटे इथून निघून मंगळवारीच दुपारी तिथे उतरतं. म्हणजे तिचा तो मंगळवार साडेछत्तीस तासांचा. नशीब, त्या दिवशी एकादशी नाही.

तर चंद्र कुठला धरायचा, गोळ्यांचं कसं करायचं आणि बाबांनी फोन कधी लावायचा? बाबा इथेच राहणार आहेत. त्यांना ही वजाबाकी जमत नाही आणि दरवेळी कुणाला विचारणंही आवडत नाही.

टेकडीवाला
भाऊ, ताईला सांगा कॅलेंडरची तारीख विसर म्हणून. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. ती नागपुरात काय नि सिएटलमध्ये काय, एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. फरक पडतो तो त्या क्षणी तुमच्या घड्याळात किती वाजले याचा. आणि संकष्टी कोणत्या दिवशी? तर आपल्या गावच्या चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी.

आता समजा चतुर्थी आपल्याकडे बुधवारी सकाळी ७ ला लागली आणि गुरुवारी सकाळी ६ ला संपली. आपली संकष्टी बुधवारी. तिथे तीच चतुर्थी मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला लागली आणि बुधवारी संध्याकाळी साडेपाचला संपलीसुद्धा. बुधवारी चंद्र उगवेल तेव्हा पंचमी चालू! म्हणून तिथली संकष्टी मंगळवारी. म्हणजे आपली साधी संकष्टी काकूंना अंगारकी होऊन मिळाली, तीही सीताबर्डीच्या टेकडीवर गणपतीच्या रांगेत उभं न राहता. 😀

काकूंना एक विचारा. कॅलेंडरात मोठ्या अक्षरात चंद्रोदय असतो तो मुंबईचा, त्या तो पाळतात का? नाही पाळत. आपण मुंबईच्या साधारण सहा अंश पूर्वेला, एका अंशाला चार मिनिटं, त्यामुळे आपल्याकडे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी येते. काकू हे इतकी वर्षं करूनच राहिल्या आहेत. सिएटलला फक्त मिनिटांच्या जागी तास येतील.

पॅसिफिकवाली
मी मूळची धरमपेठची, सध्या सिएटलजवळच राहते. वरच्यांशी सहमत. पंचांगाच्या ॲपमध्ये गाव सिएटल निवडा, तारखा आपोआप बदलतात. इथल्या बऱ्याच मराठी घरी असंच करतात, काही जण भारतातली तारीख धरतात, कुणी कुणाला टोकत नाही.

दोन गोष्टी मात्र ॲप सांगणार नाही. इथे पूर्वेला कॅस्केड पर्वतरांग आहे, त्यामुळे सांगितलेल्या वेळेनंतर चंद्र प्रत्यक्ष दिसायला आणखी थांबावं लागतं. आणि ऑक्टोबरपासून ढग असे बसतात की चंद्र दिसतच नाही, तेव्हा वेळ बघूनच नैवेद्य दाखवायचा.

बाबांसाठी सोपी युक्ती: घड्याळात अर्धा तास मागे जा आणि रात्रीची सकाळ, सकाळची रात्र करा. नागपूर रात्रीचे साडेआठ, सिएटल सकाळचे आठ. बस. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग अर्ध्याऐवजी दीड तास मागे मोजायचं. काकू परत येण्याआधीचे शेवटचे काही आठवडे घोटाळा तिथेच होईल.

बाय द वे, काकू क्रिकेट बघत असतील तर मजा आहे. आयपीएलची साडेसातची मॅच इथे सकाळी सातला सुरू होते, चहाबरोबर.

औषधवाला
मेडिकल स्टोअर चालवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. थायरॉईडची गोळी सहसा उतरल्यावर तिथल्या सकाळी उपाशीपोटी सुरू करतात. तिचा असर शरीरात बरेच दिवस टिकतो, काही तास इकडेतिकडे झाल्याने बहुतेकांना फरक पडत नाही. शुगरचं तसं नाही. काही गोळ्या पोटात अन्न नसलं की साखर खाली आणतात, इन्सुलिन असेल तर आणखीच जपायला हवं. गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा: रात्री अकरापर्यंत फराळावर राहिल्या तर चालेल का, प्रवासात डोस कधी घ्यायचा. गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत नाही.

लक्ष्मीनगरकर
सगळ्यांचे आभार. मुंबईच्या चंद्राचा मुद्दा आईला लगेच पटला, वर मलाच म्हणे, "हे तर मला माहीतच होतं." डॉक्टरांकडे जाऊन आलो. निर्जळी राहायचं नाही, संध्याकाळी साबुदाण्याऐवजी भगर आणि दही घ्यायचं, बरं वाटलं नाही तर चंद्राची वाट न बघता जेवायचं. शेवटच्या अटीवर आई गप्प बसली, तिथे ताईला लक्ष ठेवावं लागेल.

बाबा पहाटे पाचला उठतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार. ताई कामावर, आई घरी एकटी, म्हणून तीच वेळ ठरली. नोव्हेंबरात बाबा एक तास उशिरा लावतील, मोबाईलमध्ये आठवण टाकून ठेवली आहे.

आता एकादशीचं राहिलं. ती सूर्योदयावर ठरते एवढं कळलं. पण तिथे जूनमध्ये सव्वापाचलाच उजाडतं, तर पारणं सकाळी किती वाजेपर्यंत चालतं? तिथे राहून कुणी एकादशी करत असेल तर सांगा.