भाच्याने माझ्या गाडीवर स्टंट केला, इन्स्टाग्रामवरून व्हिडिओ कसा हटवावा? तातडीने मदत हवी आहे

सह्याद्रीवासी :
माझ्या १५० पीएसच्या टर्बो-पेट्रोल सेदानचा हँडब्रेक ओढून ती भर रस्त्यात गर्रकन फिरवल्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर फिरतो आहे आणि त्यात नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते. महिन्यापूर्वी मागच्या दोन्ही टायरवर एकाच जागी चपटे डाग पडलेले दिसले होते, मडगार्डच्या आत रबराचे काळे कण चिकटले होते. खड्ड्यात जोरात ब्रेक लागला असेल, असे मी समजलो. व्हिडिओ भाच्याच्या मित्राने टाकला आहे व तो काढायला तयार नाही. तो कसा उतरवावा आणि चलन माझ्या नावावर येईल का, एवढेच सांगावे.

टॉर्कप्रेमी :
गाडी रीमॅप केली आहे का, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवली आहे का? मुलाला हौस असेल तर त्याला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्या. ३.७ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर एक दिवस चालवल्यावर माझी रस्त्यावर वेगात जाण्याची इच्छाच गेली.

नियमपालक :
गाडी कोणाच्या नावावर आहे, भाच्याचे वय काय आणि त्याच्याकडे लायसन्स आहे का, हे आपण लिहिलेलेच नाही.

सह्याद्रीवासी :
गाडी माझ्या नावावर आहे, रीमॅप केलेली नाही. फेब्रुवारीत तो अठरा वर्षांचा होईल. वयाचा आणि व्हिडिओचा काय संबंध?

नियमपालक :
सगळा संबंध तिथेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, १२ महिन्यांसाठी नोंदणी रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. किल्ली त्याला कोणी दिली?

टायरतज्ज्ञ :
चपटे डाग पडलेले टायर पुन्हा वापरू नयेत. बदलताना मागची जोडी एकदमच बदलावी.

घाटवळण :
टॉर्कप्रेमी, लायसन्स नसलेल्या मुलाला ट्रॅकची वाट दाखवणे मला पटत नाही. शिवाय नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही. सह्याद्रीवासी, चित्रीकरण करणारा मुलगा कुठे उभा होता, ते नीट पाहा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते, आणि मागची चाके अडकवलेली गाडी कोणत्या बाजूला जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात उरत नाही.

टॉर्कप्रेमी :
वय मला ठाऊक नव्हते. पण नुसती बंदी घातली तर तो दुसऱ्या कोणाची तरी गाडी घेईल, हे मी अजूनही म्हणेन.

सह्याद्रीवासी :
व्हिडिओ पुन्हा पाहिला. मित्र वळणाच्या बाहेरच्या अंगाला, गाडीपासून जेमतेम दोन हातांवर उभा आहे. किल्ली मीच देत होतो. सोसायटीच्या आवारात फिरव, असे सांगून. हे मी वकिलांना सांगावे का?

नियमपालक :
सगळे खरे सांगा. व्हिडिओची प्रत जपून ठेवा आणि तो उतरवायचा की नाही, हेही त्यांनाच विचारा. तो उतरवला तरी घडलेली गोष्ट पुसली जात नाही.

सह्याद्रीवासी :
दुसरी किल्ली ताईकडे आहे. ती आणायला आत्ता निघतो आणि त्या मित्राच्या आईवडिलांनाही आजच भेटतो.